‘मॅडम, किट खराब आहे’: स्लाइडवरून ८०८५ शिकवण्याचं एक प्रकरण

प्रोग्रॅम नऊ बाइटचा होता. २५ आणि १७ या दोन संख्यांची बेरीज करायची आणि उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवायचं. (पत्ते आणि बाइट या लेखात सगळे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर.) ८०८५ या इंटेलच्या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलची सुरुवात जवळजवळ सगळीकडे अशाच प्रोग्रॅमने होते. फळ्यावर मी तो असा लिहून ठेवला होता:

२००० : एमव्हीआय ए, २५
२००२ : एमव्हीआय बी, १७
२००४ : एडीडी बी
२००५ : एसटीए २०५०
२००८ : एचएलटी

म्हणजे ए या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यात) २५ ठेवायचे, बीमध्ये १७, बी ए मध्ये मिळवायचा, उत्तर २०५० वर साठवायचं आणि थांबायचं. ऑपकोड (प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा आकड्यातला संकेत) मुलांनी तक्त्यातून शोधायचे, हेक्स कीपॅडवरून एकेक बाइट किटमध्ये (८०८५ बसवलेल्या सरावाच्या बोर्डमध्ये) भरायचा, ‘गो’ दाबायचं, मग रीसेट करून २०५० वर काय आलंय ते पाहायचं. उत्तर ३सी यायला हवं.

तिसऱ्या टेबलावरच्या मुलाने हात वर केला. ‘‘मॅडम, किट खराब आहे.’’ त्याच्या डिस्प्लेवर २०५० समोर ७डी दिसत होतं. लॅबमधल्या मामांनी दुसरं किट लावून दिलं. त्याने सगळं पुन्हा भरलं. या वेळी वेगळाच आकडा आला, पण ३सी नाहीच.

मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि २००५ पासून ‘नेक्स्ट’ दाबत गेले. ३२. २०. ५०.

‘‘अरे, हे उलट टाकलंस.’’

‘‘उलट कुठे मॅडम? पत्ता वीस-पन्नासच आहे ना?’’

त्याच्या मोबाइलमध्ये माझ्या स्लाइडचा फोटो होता. त्याने तो काढून दाखवला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं: एसटीए २०५०, ३२ ५० २०. खाली लाल अक्षरांत सूचनाही होती, खालचा बाइट आधी. म्हणजे बरोबर माहिती त्याच्या हातात होती आणि तरी त्याने चुकीचं भरलं होतं. का, म्हणून विचारलं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, ‘‘मला वाटलं स्लाइडमध्ये टायपिंगची चूक झालीय. म्हणून मी दुरुस्त करून टाकलं.’’

‘‘मग वर्गात विचारलं का नाहीस?’’

‘‘तोपर्यंत पुढची स्लाइड आली होती.’’

या लेखात जे काही आहे ते या एका वाक्यापासून सुरू होतं. मुलगा आळशी नव्हता. त्याने विचार केला होता, त्याला शंका आली होती, इतकंच नव्हे तर आपल्या समजुतीप्रमाणे त्याने चूक सुधारलीही होती. त्या शंकेला माझ्या तासात थांबायला जागा नव्हती, एवढंच.

स्लाइड्स कशा होत्या

प्रेझेंटेशन मला वारशाने मिळालं होतं आणि दरवर्षी मी त्यात भर घातली होती. पिन डायग्रॅम, अंतर्गत रचनेचा ब्लॉक डायग्रॅम, ॲड्रेसिंग मोड, इन्स्ट्रक्शनचे पाच गट, टायमिंग डायग्रॅम, इंटरप्ट, ८२५५ जोडणी, सगळं होतं. शिकवणं म्हणजे अंधार करायचा, पडदा खाली घ्यायचा आणि एकेक स्लाइड वाचत, समजावत पुढे जायचं. मुलं लिहीत नसत. ‘‘मॅडम, पीपीटी ग्रुपवर टाका ना’’ हे तास संपण्याच्या आधीच ऐकू यायचं. त्यांचंही बरोबर होतं, जे पुढे मिळणारच आहे ते आता कशाला लिहायचं?

त्या स्लाइड्समध्ये चूक एकही नव्हती, हे मला आवर्जून सांगायचंय. पीपीटीवर टीका होते ती बहुतेक वेळा मजकुराची गर्दी, भडक रंग, बारीक अक्षरं यावर होते. तेवढं दुरुस्त केलं की काम झालं असं मलाही वाटायचं, आणि मी केलंही. अक्षरं मोठी केली, गडद पार्श्वभूमी काढून पांढरी केली, कारण आमच्या प्रोजेक्टरचा दिवा मंद झालाय आणि गडद स्लाइड मागच्या बाकांवरून वाचता येत नाही. त्या वर्षी स्लाइड्स देखण्या झाल्या. मुलांच्या उत्तरपत्रिका होत्या तशाच राहिल्या.

सगळ्यात देखणी होती एसटीएच्या टायमिंग डायग्रॅमची स्लाइड. चार मशीन सायकल (मेमरीशी एकेक देवाणघेवाण), तेरा टी-स्टेट (क्लॉकचे ठोके), प्रत्येक सिग्नलला वेगळा रंग. परीक्षेत हा प्रश्न नेहमीचा, त्यामुळे मुलं ती आकृती घोकून येत. एकदा अंतर्गत चाचणीत मी पत्ता बदलून दिला, इन्स्ट्रक्शन ३००० वर आहे आणि साठवायचंय २१७५ वर. बऱ्याच जणांनी आकृती रेघ न् रेघ बरोबर काढली आणि पत्ते मात्र स्लाइडवरचेच लिहिले. चित्र पाठ होतं. त्या चित्रात काळ डावीकडून उजवीकडे सरकतोय, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

एक प्रश्न, एक चुकलेलं उत्तर

प्रॅक्टिकलच्या त्या प्रसंगानंतर पुढच्या तासाला मी प्रोजेक्टर लावला नाही. फळ्यावर तोच नऊ बाइटचा प्रोग्रॅम लिहिला आणि विचारलं: एसटीए चालू आहे. तिचे तीनही बाइट प्रोसेसरने वाचून झालेत. आता चौथी मशीन सायकल सुरू होतेय. पहिल्या टी-स्टेटला ॲड्रेस बसवर (पत्ता नेणाऱ्या तारांवर) कोणता पत्ता असेल? प्रत्येकाने वहीत लिहा, शेजाऱ्याचं पाहू नका.

फिरून वह्या पाहिल्या. जवळजवळ सगळीकडे २००८.

हे उत्तर चुकीचं आहे, पण त्यामागे विचार आहे. २००५, २००६, २००७ असे तीन पत्ते ओळीने गेले, मग चौथा २००८ असणार. प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पुढच्या बाइटचा पत्ता धरणारा रजिस्टर, एकेकाने वाढतो हे मुलांना नीट कळलेलं होतं. कळलेलं नव्हतं ते हे, की ॲड्रेस बसवर पत्ता ठेवणारा प्रोग्रॅम काउंटर एकटाच नाही. चौथ्या सायकलमध्ये प्रोग्रॅम काउंटर २००८ दाखवत बाजूला थांबलेला असतो आणि पत्ता येतो डब्ल्यू आणि झेड या तात्पुरत्या रजिस्टरांतून. दुसऱ्या सायकलमध्ये वाचलेला ५० झेडमध्ये गेलेला असतो, तिसऱ्यातला २० डब्ल्यूमध्ये. दोन्ही जोडून २०५०. हे दोन रजिस्टर प्रोग्रॅमरला वापरता येत नाहीत, म्हणून अंतर्गत रचना शिकवताना आपण त्यांच्यावरून चटकन पुढे जातो. माझ्या ब्लॉक डायग्रॅमच्या स्लाइडवर ते होते. त्या स्लाइडवर सगळंच होतं.

आणि ज्या मुलाने ‘दुरुस्ती’ केली होती त्याचा घोळही इथलाच. २०५० हा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर एकसंध होता. तो दोन वेगवेगळ्या वेळी, दोन वेगवेगळ्या कप्प्यांत, एकामागून एक आत येतो, हे त्याने कधी घडताना पाहिलेलंच नव्हतं. २०, ५० असं भरल्यावर प्रोसेसरने झेडमध्ये २० आणि डब्ल्यूमध्ये ५० घेतला, आणि ३सी बिनबोभाट ५०२० वर पाठवून दिला. आमच्या किटवर रॅम २००० ते ३एफएफएफ. ५०२० वर कोणीच नाही. उत्तर बरोबर आलं होतं, फक्त ज्या घरात कोणी राहत नाही तिथे टाकलं गेलं. आणि २०५० वर दिसत होतं ते किट सुरू करताना रॅममध्ये जे काही पडलेलं होतं ते. किट बदलल्यावर आकडा बदलला तो त्यामुळेच.

फळा आणि पडदा

माझ्या शिक्षकांनी मला हाच विषय खडू-फळ्यावर शिकवला. पीपीटी नव्हती म्हणून ते थोर, असं मी म्हणणार नाही, त्यांचे काही तास फार कंटाळवाणे असत. पण टायमिंग डायग्रॅम ते डावीकडून काढायला घेत. टी-वन काढून झाला की हात झटकत, मागे वळून एकदा वर्गाकडे पाहत आणि मग टी-टू. आकृती पूर्ण व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागत. त्या वेळात पुढची रेघ वर जाईल की खाली, याचा अंदाज आम्ही आपोआप बांधत बसायचो. सर हळू लिहीत होते, त्या हळूपणात आमचं शिकणं होत होतं.

स्लाइडवर तीच आकृती एका क्षणात पूर्ण उमटते. शेवट आधीच दिसतो. अंदाज बांधायला काही उरत नाही, मग मेंदू पाठांतराकडे वळतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र वापरून माणूस कसा शिकतो यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांचा एक निष्कर्ष माझ्या तासाला थेट लागू पडला: पडद्यावर चित्र, तोंडी स्पष्टीकरण आणि तेच शब्द पुन्हा पडद्यावर मजकूर म्हणून, असं तिन्ही एकदम दिलं तर नुसतं चित्र आणि तोंडी स्पष्टीकरण यापेक्षा शिकणं कमी होतं. डोळे वाचू लागतात आणि चित्र पाहायचं राहून जातं. माझी प्रत्येक स्लाइड अगदी अशीच होती.

मग पडदा गुंडाळून सरळ फळ्याकडे परतायचं का? मी ते आठवडाभर करून पाहिलं. अडचण अशी की एकाच वेळी मेमरी, रजिस्टर, दोन बस आणि तीन-चार कंट्रोल सिग्नल दाखवायचे तर फळ्यावर सतत पुसापुशी होते. ए रजिस्टरमधला २५ पुसून ३सी लिहिताना माझी पाठ वर्गाकडे, आणि त्यात मधला एखादा बदल राहून जातो. जिथे पुष्कळ गोष्टी जागच्या जागी राहून एकच बदलायची असते, तिथे स्लाइड फळ्यापेक्षा सरस आहे. या विषयात नेमकं तेच हवं असतं.

एक क्लिक, एक टी-स्टेट

प्रोसेसर क्लॉकच्या तालावर चालतो. मग माझा क्लिकर हाच क्लॉक. एकदा दाबला की एक टी-स्टेट पुढे.

स्क्रीनची मांडणी एकदाच ठरवली आणि शेवटपर्यंत हलवली नाही. डावीकडे मेमरीचा उभा रकाना, २००० ते २००८, थोडी जागा सोडून खाली २०५०. उजवीकडे प्रोग्रॅम काउंटर, इन्स्ट्रक्शन रजिस्टर, ए, बी आणि फिकट रंगात डब्ल्यू, झेड. मधून जाणारे दोन जाड पट्टे, वरचा ए१५ ते ए८ (पत्त्याचा वरचा बाइट) आणि खालचा एडी७ ते एडी० (पत्त्याचा खालचा बाइट, आणि डेटाही). तळाशी तीन सिग्नल: एएलई (पत्त्यासाठी), आरडी (वाचनासाठी), डब्ल्यूआर (लिहिण्यासाठी). मजकुराची एकही ओळ नाही. एक स्लाइड तयार करायची, तिची प्रत काढायची, प्रतीत त्या टी-स्टेटला बदलतं तेवढंच बदलायचं आणि बदललेल्या चौकटीला पिवळा रंग द्यायचा. एसटीएसाठी तेरा स्लाइड्स. ॲनिमेशन, बाण, उडत येणारे बाइट, काही नाही. बाण मी आधी ठेवले होते, मग काढले. बाण दिसला की अंदाज बांधायचं काम संपतं.

दुसरी गोष्ट कागदाची. प्रत्येक मुलाला एक झेरॉक्स पत्रक, तेरा ओळींचं: वरचा पट्टा, खालचा पट्टा, एएलई, आरडी, डब्ल्यूआर, प्रोग्रॅम काउंटर, ए, डब्ल्यू, झेड. नियम एकच. पुढची ओळ पेनाने भरल्याशिवाय मी क्लिक करणार नाही.

पहिला टी-वन. ‘‘वरच्या पट्ट्यावर काय?’’ ‘‘वीस.’’ ‘‘खालच्यावर?’’ ‘‘शून्य पाच.’’ ‘‘एएलई?’’ इथे आवाज पडला. एक मुलगी म्हणाली, ‘‘एक. कारण आता तिथे पत्ता आहे.’’ क्लिक. खालच्या पट्ट्यात ०५, एएलईची चौकट पिवळी.

दुसरा टी-स्टेट. खालच्या पट्ट्यावर आता काय? निम्म्या वर्गाने ०५ तसंच ठेवलं होतं. इथे मी थांबले. आठ तारांवरून आधी पत्ता आणि मग डेटा न्यायचाय, म्हणजे पत्त्याने जागा सोडायला हवी. पण मेमरीला तर पत्ता वाचन संपेपर्यंत हवाय. मग तो सांभाळायचा कोणी? मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘कोणीतरी टिपून घेतला पाहिजे.’’ त्या मुलाला लॅचची व्याख्या पाठ नव्हती. पण लॅच म्हणून जोडलेली ७४एलएस३७३ ही चिप कशासाठी आहे हे त्याने या क्षणी स्वतः शोधून काढलं होतं, आणि एएलई ही ‘टिपून घ्या’ असं सांगणारी खूण आहे हेही. याआधी याच लॅचवर माझी वेगळी स्लाइड होती, उद्देश, जोडणी, फायदे. ती मी त्याच दिवशी काढून टाकली.

तिसऱ्या टी-स्टेटला ३२ इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये, चौथ्याला डीकोड. ‘‘या चौथ्यात बसवर काहीच नवीन का नाही?’’ असं एकाने विचारलं, कारण त्याच्या पत्रकातली ती ओळ रिकामी राहिली होती आणि त्याला ते खटकलं. ऑपकोड वाचायला तीन, तो म्हणतोय काय ते समजायला एक. पुढच्या दोन सायकलमध्ये नुसता बाइट वाचायचा असतो, समजून घ्यायचं काही नसतं, म्हणून त्या तीन-तीनच्या. ४, ३, ३, ३ हे आकडे मुलं घोकत असत. रिकाम्या ओळीने ते समजावलं.

पाचवा ते सातवा टी-स्टेट भराभर गेले. २००६ चा पत्ता, ५० आत, झेडमध्ये. आठ ते दहा: २००७, २० आत, डब्ल्यूमध्ये.

मग अकरावा. मी क्लिकर टेबलावर ठेवला. मागच्या तासाला ज्यांनी २००८ लिहिलं होतं तेच सगळे समोर होते. या वेळी मात्र डब्ल्यू आणि झेडच्या चौकटींत २० आणि ५० नुकतेच, त्यांच्या डोळ्यांदेखत, येऊन बसलेले. पत्रकावर पेनं थांबली. कुजबुज सुरू झाली. ‘‘अरे, पीसी (प्रोग्रॅम काउंटर) नाही, हे बघ, हे दोघं कशाला आणलेत मग?’’ एक जण शेजाऱ्याला सांगत होता. मी काहीही बोलले नाही. क्लिक केलं. वरच्या पट्ट्यावर २०, खालच्या पट्ट्यावर ५०. बाराव्याला खालच्या पट्ट्यावर ३सी आणि डब्ल्यूआर खाली. तेराव्याला २०५० च्या चौकटीत ३सी.

तेरा क्लिकना एक अख्खा तास लागला. ३ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर प्रोसेसर हे काम सव्वाचार-साडेचार मायक्रोसेकंदांत उरकतो.

‘पण उलट का?’

तास संपता संपता तो तिसऱ्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, कळलं कसं ते. पण आधी डब्ल्यू आणि मग झेड भरला असता तरी चाललं असतंच की.’’

चाललं असतं. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि याचं उत्तर ८०८५ च्या आत सापडत नाही, इतिहासात सापडतं. इंटेलचा ८००८ हा १९७२ चा प्रोसेसर डेटापॉइंट २२०० नावाच्या टर्मिनलच्या इन्स्ट्रक्शन सेटवर बेतलेला होता. ते यंत्र एका वेळी एकेक बिट घेऊन हिशेब करायचं. बेरजेत हातचा खालून वर जातो, म्हणून खालचा भाग आधी हाताशी असणं त्याला सोयीचं. आपणही बेरीज एकक स्थानापासूनच सुरू करतो, त्यातलीच गोष्ट. ८००८ ने तो क्रम घेतला, १९७४ च्या ८०८० ने पुढे चालवला, १९७६ च्या ८०८५ मध्ये तो आला आणि १९७८ च्या ८०८६ पासून निघालेल्या घराण्यातल्या आजच्या लॅपटॉपमध्येही तो आहे. मुलांना हे आवडलं. पाठ करायला लागणारी गोष्ट निदान कोणाच्या तरी गरजेतून आलीय, हे कळलं की ती परकी वाटत नाही.

‘हा जुनाट प्रोसेसर कशाला शिकायचा’ हा प्रश्नही दरवर्षी येतो. त्यासाठी एक स्लाइड मी अजून ठेवलीय. १९९७ साली मंगळावर फिरलेल्या सोजर्नर रोव्हरमध्ये ८०सी८५ होता, २ मेगाहर्ट्झवर चालणारा. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मी मुलांना स्पष्ट सांगते: या प्रोसेसरमधला प्रत्येक बाइट आपण हाताने भरू शकतो आणि प्रत्येक टी-स्टेटला काय चाललंय ते कागदावर मांडू शकतो. आजच्या प्रोसेसरबाबत हे कोणालाच करता येत नाही.

काय बदललं, काय नाही

बाइटचा क्रम उलटा भरण्याची चूक पुढच्या प्रॅक्टिकलना जवळजवळ दिसेनाशी झाली. झाली तरी मुलं आता किटला दोष न देता २००६ आणि २००७ स्वतः उघडून पाहतात. चाचणीत पत्ते बदलले तरी टायमिंग डायग्रॅममधले पत्ते बदलून येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांमध्ये फरक मला जास्त जाणवला. इंग्रजी वाक्यांनी भरलेल्या स्लाइडपुढे जी गप्प असत, ती आकड्यांच्या पत्रकावर बिनधास्त अंदाज बांधतात, कारण ‘आता खालच्या पट्ट्यावर काय’ याचं उत्तर द्यायला इंग्रजी लागत नाही.

पण हिशेबाची अडचण पुन्हा पुन्हा येतेच. २५ आणि १७ ची बेरीज ४२ का नाही, हे विचारणारी मुलं याही वर्षी होती. दशमान सवय मोडायला स्लाइड उपयोगाची नाही, तिथे नुसता सराव. डिले लूपचं गणितही मी फळ्यावरच करते, एक वजा करणाऱ्या डीसीआरचे ४ टी-स्टेट, शून्य नसेल तर उडी मारणाऱ्या जेएनझेडचे उडी मारली तर १० आणि नाही मारली तर ७. ती पायऱ्यापायऱ्यांची आकडेमोड आहे, तिला पडदा लागत नाही. पिन डायग्रॅम छापून वहीत चिकटवायला दिला. चाळीस पिना अंधारात बसून पाहण्याने कोणाला कळत नाहीत.

क्लिकची पद्धत एसटीएनंतर मी फक्त आणखी एका ठिकाणी वापरली, कॉल आणि रिटर्न, म्हणजे उपप्रोग्रॅमकडे जाणं आणि तिथून परतणं. कॉलचे अठरा टी-स्टेट. तिथेही परतीचा पत्ता दोन तुकड्यांत स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) जातो, आधी वरचा बाइट, मग खालचा, आणि स्टॅक पॉइंटर प्रत्येक वेळी एकाने उतरतो. पडद्यावर स्टॅक उलटा वाढताना पाहिला की पुश-पॉपची अर्धी भीती जाते. बाकी इन्स्ट्रक्शनसाठी अशा स्लाइड्स केल्या नाहीत आणि करणारही नाही. अभ्यासक्रमाला तेवढे तास नाहीत, आणि दोनदा नीट पाहिल्यावर तिसऱ्यांदा मुलांनी स्वतः मांडायला हवं.

आमच्या विभागातल्या एका सरांनी माझी फाइल मागून नेली. त्यांच्याकडे अभ्यासक्रम मागे पडला होता. त्यांनी तेरा स्लाइड्स पाच-सात मिनिटांत दाखवल्या, पत्रकं वाटली नाहीत. मुलांनी छान पाहिल्या. चाचणीत चौथ्या सायकलला पुन्हा २००८. सर नाराज झाले, मला म्हणाले, ‘‘स्लाइड चांगली आहे, पण उपयोग होत नाही.’’ मला त्यांना एवढंच सांगता आलं की स्लाइड अर्धीच आहे, उरलेली अर्धी मुलांच्या पत्रकावर असते. क्लिकच्या आधी पेन चालायला हवं. ते न करता फाइल पुढे दिली तर तो निव्वळ व्हिडिओ होतो, आणि व्हिडिओ मुलांकडे भरपूर आहेत.

सिम्युलेटर का नाही, असंही त्यांनी विचारलं. आम्ही वापरतो तो सिम्युलेटर एका वेळी एक पूर्ण इन्स्ट्रक्शन पुढे जातो. रजिस्टर बदललेले दिसतात, बस दिसत नाही. प्रोग्रॅम तपासायला तो उत्तम आहे, पण ज्या तेरा पायऱ्यांत मुलं अडखळतात त्या तो एका झेपेत ओलांडतो.

गेल्या महिन्यात जर्नल तपासताना त्या तिसऱ्या टेबलावरच्या मुलाचं पत्रक मधे घातलेलं सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूला त्याने पट्टीने ओळी आखल्या होत्या, तेराऐवजी सोळा. वर लिहिलेलं, एलएचएलडी २०५०, म्हणजे २०५० वरचा बाइट एल रजिस्टरमध्ये आणि त्याच्या पुढच्या पत्त्यावरचा एचमध्ये आणायचा. ही इन्स्ट्रक्शन मी वर्गात क्लिकने कधीच दाखवलेली नाही. पहिल्या तीन सायकल त्याने तशाच ठेवल्या होत्या, फक्त ऑपकोड २ए. चौथीत पत्ता २०५०, आत आलेला बाइट एलमध्ये. पाचव्या सायकलच्या पहिल्या ओळीत आधी २००८ लिहून खोडलेलं होतं. शेजारी बारीक अक्षरात २०५१, आणि समासात पेन्सिलीने एक प्रश्न: ‘एक मिळवला कोणी? ए रजिस्टर तर वापरलेलाच नाही.’